पुस्तकांतला वीर आणि पडद्यावरचा वीर

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत नववीच्या दोन विद्यार्थ्यांमध्यें कडाक्याचा वाद जुंपला होता. विषय मोठा गमतीचा होता. कोळ्याची शक्ति अंगीं आलेला स्पायडरमॅन नांवाचा जो परदेशी वीर आज घरोघरच्या मुलांस ठाऊक आहे, त्याचें जाळें मनगटांतून आपोआप निघतें, कीं त्यानें स्वतः तयार केलेल्या यंत्रांतून? एकानें चित्रपटाची साक्ष काढली, दुसऱ्यानें चित्रकथेच्या पुस्तकाची. शेवटीं दोघेहि निवाड्यासाठीं आमच्याकडे आले. निवाडा करतांना असें आढळून आलें कीं, दोघांचेंहि म्हणणें खरें आहे. आणि दोघेहि खरे असूं शकतात, हीच या गोष्टींतील विचार करण्यासारखी बाब आहे.

ती मूळ चित्रकथा १९६२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. तींतील पीटर पार्कर हा गरीब, लाजाळू, परंतु विज्ञानाच्या अभ्यासांत हुशार असा शाळकरी मुलगा आहे. कोळी चावल्यामुळें त्याच्या अंगीं बळ येतें, भिंतीवर चढण्याचें सामर्थ्य येतें. जाळें मात्र त्याला कोळ्यापासून मिळत नाहीं. तें तो आपल्या ज्ञानाच्या बळावर तयार करतो आणि तें सोडण्याचें यंत्र घडवून मनगटावर बांधतो. २००२ सालच्या चित्रपटांत ही सारी खटपट गाळण्यांत आली व जाळें शरीरांतूनच निघूं लागलें. त्यामुळें कथा आटोपशीर झाली असेल. परंतु पाहणाऱ्या मुलाच्या हातून एक मोलाची गोष्ट निसटली. पुस्तकांतील वीराचें अर्धें सामर्थ्य दैवानें दिलेलें होतें व अर्धें अभ्यासानें मिळविलेलें होतें. पडद्यावर सगळेंच दैवाचें झालें! पुढें २०१२ सालच्या चित्रपटांत तें यंत्र पुन्हां आणलें गेलें, हें ऐकून आमच्या पुस्तकवाद्या विद्यार्थ्यास झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

येथें कोणी असें समजूं नये कीं, कथा जशी लिहिली तशीच अक्षरशः पडद्यावर यावी, असा आमचा हट्ट आहे. सांगणारा बदलला कीं सांगणें बदलतें, हा नियम चित्रपटाहून फार जुना आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील नाझरें गांवचे श्रीधरस्वामी यांनीं १७०३ सालीं पंढरपुरास 'रामविजय' ग्रंथ पुरा केला, तेव्हां त्यांनीं वाल्मीकींचें शब्दशः भाषांतर केलें नाहीं. आपल्या श्रोत्यांस रुचेल व समजेल अशा मराठी वळणानें रामकथा सांगितली. पर्णकुटीपुढें लक्ष्मणानें ओढलेली रेषा मूळ वाल्मीकिरामायणांत आढळत नाहीं, तरी ती आज प्रत्येक आजीच्या गोष्टींत आहे, आणि तिच्यामुळें रामकथेचें कांहीं नुकसान झालें असें कोणी म्हणणार नाहीं. आपला कीर्तनकार उत्तररंगांत आख्यान लावतो, तेव्हां तोहि समोरचे श्रोते पाहून कोठें विस्तार करतो, कोठें आखडतें घेतो. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हांपासून कीर्तनकाराचा हा अधिकार चित्रपटाकडेहि आला आहे.

तर मग प्रश्न असा कीं, कोणता बदल चालावा आणि कोणता खटकावा? आमच्या मतें या बदलांचे तीन प्रकार करतां येतील.

पहिला प्रकार साधनाच्या गरजेचा. १९३८ सालीं सुपरमॅन हा वीर प्रथम चित्रकथेंत अवतरला, तेव्हां त्याला उडतां येत नव्हतें. तो केवळ प्रचंड उड्या मारीत असे. १९४१ सालापासून त्याचीं चलच्चित्रें निघालीं, त्यांत तो उडूं लागला. स्थिर चित्रांत उडी शोभते, हलत्या चित्रांत उड्डाण अधिक शोभतें. परंतु तो दुबळ्यांचा कैवारी होता, तो तसाच राहिला. अशा बदलाबद्दल कोणी तक्रार करूं नये.

दुसरा प्रकार काळाच्या गरजेचा. आपल्या मराठी मुलांचा लाडका वीर म्हणजे भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश पुण्याच्या विद्याभवन शाळेंत शिकतो. अंगानें किडकिडीत, पण सायकलीवर आणि बुद्धीनें वाऱ्यासारखा धांवणारा. २०१७ सालच्या चित्रपटांत हाच बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं पुण्यास आलेला तरुण झाला व परीक्षांतील लबाडीचा छडा लावूं लागला. खुद्द भागवत हेहि त्या कथेंत एक पात्र म्हणून आले. या बदलास कारण आहे. परीक्षेची चिंता व तींतील गैरप्रकार हें आजच्या घराघरांतलें दुःख आहे. चौकसपणा, निर्भयता आणि अन्यायाची चीड हे बनेशचे गुणहि चित्रपटानें राखले. तथापि दहा-बारा वर्षांच्या मुलाला जो आपल्याच वयाचा, आपल्याच उंचीचा वीर मिळाला होता, तो मात्र मोठा होऊन त्याच्यापासून दूर गेला, एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. ज्यांनीं केवळ चित्रपट पाहिला असेल, त्यांनीं आमच्या ग्रंथालयांतील कपाट अवश्य उघडावें.

तिसरा प्रकार अधिक गंभीर आहे. ज्या गुणामुळें तो वीर वीर ठरला, तो गुणच बदलणें, हा तो प्रकार होय. स्पायडरमॅनच्या जाळ्याचा बदल आम्ही याच वर्गांत घालतों. शत्रूचा जीव न घेतां त्याला आवरणें हा ज्याचा बाणा म्हणून पूर्वापार सांगितला जात असे, त्या सुपरमॅननें २०१३ सालच्या चित्रपटांत शत्रूची मान मोडली, तेव्हां त्याच्या जुन्या चाहत्यांमध्यें मोठाच वाद माजला. तो वाद आम्हांस पोरकट वाटत नाहीं. मुलांनीं ज्याच्याकडे पाहून आपलें वागणें ठरवावें, त्याचें वागणें कोणी बदललें तर विचारणा झालीच पाहिजे.

परंतु हे सारे कल्पनेंतले वीर झाले. आतां आपल्या सोलापुरांतील एका खऱ्याखुऱ्या वीराकडे वळूं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. जपानच्या आक्रमणामुळें होरपळणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ राष्ट्रसभेनें १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें पथक धाडलें. अटल, चोळकर, बसु, मुकर्जी आणि आपले कोटणीस. सुपरमॅनचा जन्म व कोटणिसांचें प्रयाण एकाच सालचें, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे! १९४० सालच्या एका लढाईंत बहात्तर तास सतत शस्त्रक्रिया करीत ते उभे राहिले, असें सांगतात. १९४१ सालीं डॉ. बेथ्यून यांच्या नांवें चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षीं क्वो छिंगलान या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला व पुढील वर्षीं पुत्र झाला. भारत व चीन या दोन्ही देशांच्या नांवांचीं अक्षरें जोडून त्याचें नांव 'यिनहुआ' असें ठेवलें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं डॉक्टरांचा अंत झाला.

पांच गेले, चार परतले. याच अर्थाच्या नांवाचें इंग्रजी पुस्तक ख्वाजा अहमद अब्बास यांनीं लिहिलें, आणि त्यावरून १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा हिंदी बोलपट काढला. शांताराम स्वतः कोटणीस झाले व जयश्रीबाई त्यांच्या पत्नी झाल्या. पटकथा लिहिण्यांत अब्बास यांचाहि हात होता. या बोलपटांत डॉक्टर एका भयंकर सांथीवर उपाय शोधतात, त्या रोगाची स्वतःलाच बाधा करून घेतात, जपानी सैनिकांच्या हातीं सांपडतात, तेथून निसटतात, आणि शेवटीं त्या रोगाशींच त्यांचा मृत्यु जोडलेला आहे. पाहणाऱ्याचा ऊर भरून येतो. परंतु सांथीच्या रोगानें झालेला तो मृत्यु आणि डॉक्टरांचा खरा मृत्यु, हे दोन निराळे आहेत.

शांताराम यांची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. डॉक्टरांस जाऊन चारहि वर्षें झालीं नव्हतीं, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता, आणि त्या वेळच्या प्रेक्षकांपुढें त्यागाचें ज्वलंत चित्र उभें करावयाचें होतें. तो बोलपट निघाला नसता तर सोलापूरच्या या सुपुत्राचें नांव देशांतील लक्षावधि घरांत पोहोंचलें असतें, असें आम्ही छातीवर हात ठेवून म्हणूं शकत नाहीं. हें ऋण मान्य आहे.

तरी पण एक प्रश्न मनांतून जात नाहीं, आणि तो कां जात नाहीं हें सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला. त्या वादानंतर थोड्याच दिवसांनीं सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं एका विद्यार्थ्यास फेफरें आलें. क्षणांत गर्दी झाली. कोणी चप्पल हुंगवा म्हणून ओरडला, कोणी कांदा आणावयास धांवला. लहान मुलें भिऊन मागें सरलीं. दोन-तीन मिनिटांनीं तो मुलगा शुद्धीवर आला, तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षां लाजच अधिक होती. दुसरे दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. त्याच्या वडिलांनीं येऊन आम्हांस हात जोडून विनंति केली कीं, "गुरुजी, ही गोष्ट बाहेर जाऊं देऊं नका. याच्या बहिणीच्या लग्नाचें पाहत आहोंत."

त्या संध्याकाळीं आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों व त्याला डॉ. कोटणिसांची खरी हकीकत सांगितली. झटके येत असतां हातांतील काम न सोडणाऱ्या, रुग्णालय चालविणाऱ्या, विद्यार्थ्यांस शिकविणाऱ्या, शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाची. त्यानें आधीं विश्वासच ठेविला नाहीं. "सिनेमांत तर तसें नाहीं," असें तो म्हणाला. या चार शब्दांना आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

सांथीशीं झुंजून आलेला मृत्यु पडद्यावर तेजस्वी दिसतो, अपस्माराचा मृत्यु तसा दिसत नाहीं, म्हणून तो बदलला गेला असेल. परंतु विचार करा, यांत थोर कोण? एका विलक्षण प्रसंगीं प्राण देणारा थोर खराच. पण केव्हां झटका येईल हें ठाऊक नसतां दररोज सकाळीं उठून दुसऱ्यांच्या जखमा बांधणारा माणूस तसूभरहि कमी नाहीं. उलट, पहिल्याचें अनुकरण करण्याची वेळ हजारांत एकावर येते. दुसऱ्याचें अनुकरण आमच्या वर्गांतील तो मुलगा उद्यांच करूं शकतो. चित्रपटानें डॉक्टरांचा त्याग राखला, पण ज्या मुलाला त्यांची सर्वांत अधिक गरज होती, त्याच्यापासून त्यांना हिरावून नेलें. म्हणून हा बदल तिसऱ्या प्रकारांत घालणें आम्हांस भाग पडतें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलांस चित्रपटापासून तोडूं नये; तसें करणें शक्यहि नाहीं आणि इष्टहि नाहीं. चित्रपट पाहून आल्यावर मात्र त्यांस एवढेंच विचारावें, "मूळ गोष्ट कशी होती रे?" उत्तर ठाऊक नसेल तर तें दोघांनीं मिळून शोधावें. त्यासाठीं फार दूर जावयास नको. भैय्या चौकांत डॉ. कोटणीस ज्या घरांत जन्मले, तेथें आज त्यांचें स्मारक आहे. एखाद्या रविवारीं मुलांस घेऊन तेथें जावें. आणि फेफरें आलेल्या माणसास चप्पल वा कांदा हुंगवूं नये, तोंडांत कांहीं घालूं नये; कुशीवर वळवून डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवावें, आणि पांच मिनिटांत झटका न थांबल्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें, हेंहि मुलांस शिकवावें. हा रोग औषधोपचारानें पुष्कळांच्या बाबतींत आटोक्यांत राहतो. लपविल्यानें मात्र तो वाढतो.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीहि पुढें कथा सांगाल. कोणी लेखणीनें, कोणी कॅमेऱ्यानें. तेव्हां साधनासाठीं बदल करा, काळासाठीं करा; पण ज्या गोष्टीमुळें एखाद्या दुबळ्याला धीर येईल, ती गोष्ट शोभत नाहीं म्हणून गाळूं नका.

तो मुलगा आठवड्यानंतर शाळेंत परत आला. वडिलांच्या संमतीनें त्यानें वर्गापुढें डॉ. कोटणिसांवर पांच मिनिटें भाषण केलें, आणि त्यांच्या मृत्यूचें खरें कारण स्वतःच्या तोंडानें सांगितलें. वर्ग स्तब्ध झाला होता. त्याची हकीकत येथें नांव न घेतां लिहिण्यास त्यानें व त्याच्या वडिलांनीं परवानगी दिली, याबद्दल आम्ही दोघांचेहि आभारी आहोंत.