'का' म्हणजे 'का'च!

गेल्या खेपेला लिहीन म्हटलेला दिवाळी फराळाचा विषय या वेळी बाजूला ठेवते आहे. आमच्या घरात सध्या चकलीपेक्षा जपानी भाषा जास्त तळली जाते आहे, तेव्हा तिच्याबद्दलच लिहिते.

सुरुवात झाली फुटबॉलने. २०२२ च्या नोव्हेंबरात सगळं दोहा वेडं झालं होतं ते तुम्हाला आठवत असेलच. आमचे चिरंजीव तेव्हा सातवीत. २३ तारखेला खलिफा स्टेडियममध्ये जपानने जर्मनीला २-१ असं हरवलं, १ डिसेंबरला त्याच मैदानावर स्पेनलाही २-१. मॅच संपल्यावर जपानी प्रेक्षक निळ्या पिशव्या काढून स्टेडियममधला कचरा गोळा करत होते. खेळाडूंनी आपली खोली लखलखीत करून मागे कागदाचे करकोचे आणि जपानी-अरबीतून 'आभारी आहोत' अशी चिठ्ठी ठेवली होती. आमच्या घरात ज्या मुलाच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नसते, त्याच्यावर या प्रकाराचा परिणाम झाला. खोली आवरण्यात नव्हे हो! जपानी शिकायचं मनात आलं.

दोहा हे नाव जपानी माणसाच्या मनात वेगळ्या कारणाने बसलेलं आहे, हे त्यानेच मला सांगितलं. २८ ऑक्टोबर १९९३ ला इथल्याच अल-अहली स्टेडियमवर जपान इराकशी खेळत होता. २-१ ने पुढे होता. जिंकला असता तर पहिल्यांदाच वर्ल्डकपला गेला असता. अगदी शेवटच्या क्षणी इराकने गोल केला आणि सगळं गेलं. जपानीत त्याला 'दोहा नो हिगेकी' म्हणतात, दोह्याची शोकांतिका. त्या दिवशी मैदानावर रडणाऱ्या खेळाडूंतले मोरियासु हे २०२२ मध्ये जपानचे प्रशिक्षक होते. म्हणजे त्याच गावात एकोणतीस वर्षांनी उट्टं काढलं. आता 'दोहा नो हिगेकी' मधला तो 'नो' बघा. दोह्या-ची. आमचं पहिलं व्याकरण हे.

तसं कतार आणि जपान यांचं नातं जुनंच. रास लफानहून द्रवरूप गॅसचं पहिलं जहाज डिसेंबर १९९६ मध्ये निघालं ते नागोयाकडच्या चुबु वीज कंपनीसाठीच. आपण ज्या मेट्रोने फिरतो तिचे डबे ओसाकाजवळच्या किंकी शार्यो कंपनीने बांधलेले. आणि रस्त्यावर तर काय, लँडक्रूझरशिवाय दुसरं दिसतं का?

आता शिकायचं कसं? आमच्या साहेबांनी सगळं कार्टूनवर सोडलं. दिवसाला दोन-तीन तास, खाली इंग्रजी अक्षरं. सहा महिन्यांत घरात 'नानी?' 'उरुसाई!' अशा आरोळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, चला, टीव्ही बघून का होईना, पोरगं भाषा शिकतंय.

फजिती व्हायची ती झालीच. ह्यांच्या कामावरचे एक जपानी साहेब, पन्नाशीचे, जेवायला आले होते. चिरंजीव ऐटीत पुढे झाले आणि म्हणाले, "ओमाए, साक्का सुकी का?" फुटबॉल आवडतो का, एवढंच विचारलं. पण 'ओमाए' म्हणजे 'तू', आणि तोही कसला, नाक्यावरच्या मित्राला मारतात तसला 'ए, तू!'. साहेब आधी चपापले, मग पोट धरून हसले आणि म्हणाले, कार्टून बघतोस ना? नंतर त्यांनी शांतपणे समजावलं, की कार्टूनमधले वीर आणि चाचे जसं बोलतात तसं जपानात कोणी पोस्टातसुद्धा बोलत नाही.

मला मात्र हसू येण्याऐवजी कुठेतरी टोचलं. कारण मंडळाच्या कार्यक्रमात आपली मुलं हेच करतात की! अनोळखी आजोबांना 'तू कुठे राहतोस?' विचारतात, आणि आपण ओशाळून म्हणतो, "मराठी जरा कच्चं आहे हो त्याचं." जपानीचा 'ओमाए' त्याने टीव्हीवरून उचलला. मराठीचा 'तू' त्याने माझ्याकडून उचलला, कारण त्याच्या कानावर मराठी पडतं ते फक्त मी त्याला रागावते तेवढंच. 'आपण', 'बसा', 'या ना' हे तो ऐकणार कुणाकडून?

असो. त्यानंतर कार्टूनची निवड बदलली. 'साझाए-सान' नावाची मालिका जपानात १९६९ पासून चालू आहे. एका घरात आजी-आजोबा, मुली, जावई, नातू, आणि त्यांची रोजची किरकोळ भांडणं. मोठ्यांशी कसं बोलायचं, शेजारणीशी कसं, हे त्यात आपोआप कानावर पडतं. 'शिनचान' मात्र मी बंद केला. जपानातल्या आयासुद्धा त्याच्या बोलण्याला वैतागतात म्हणे.

आता खरी अडचण सांगते. शब्द आले, वाक्य येईना. पुस्तकं इंग्रजीतली. त्यात 'वा' म्हणजे अमुक मार्कर, 'ओ' म्हणजे तमुक मार्कर. तो आधी मनात इंग्रजी वाक्य करी, मग ते शेपटीकडून उलटं फिरवी, आणि अर्ध्या वाटेत दमून जाई. एका संध्याकाळी तो टेबलावर डोकं धरून बसला होता, मी मटार सोलत होते. वाक्य होतं, 'आशिता दोहा कारा पुणे नि इकिमास.' मी म्हटलं, एकेक शब्द सांग. आशिता, उद्या. दोहा कारा, दोह्याहून. पुणे नि, पुण्याला. इकिमास, जातो. अरे, हे तर सरळ मराठी आहे! उद्या दोह्याहून पुण्याला जातो. एकही शब्द जागचा हलवायला लागला नाही. आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी काय लावायचं? 'का'. 'इकिमास का?' जाता का? 'का' म्हणजे 'का'च! 'छान आहे ना' मधल्या 'ना'च्या जागी त्यांचा 'ने' आहे.

चिरंजीव माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "आई, 'पुण्याला' मधला 'ला' म्हणजे नक्की कोण? आणि पुणेचं 'पुण्या' का झालं?"

याचं उत्तर मला कुठे देता येतंय! सामान्यरूप वगैरे शाळेत शिकले होते, पण समजावणार कसं? शेवटी रत्नागिरीला फोन लावला. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, वय ब्याऐंशी, जन्म गेला भाताच्या खाचरांत आणि स्वयंपाकघरात. फोनवर नातवाशी त्यांचं बोलणं आजवर "जेवलास?" "हो." "अभ्यास?" "हो." यापुढे कधी गेलं नव्हतं. दोघांना भाषाच पुरत नसे.

पुढची गंमत ऐका. जपानीत एका क्रियापदाला दुसरं जोडून जी रूपं होतात ती इंग्रजीतून समजावताना पुस्तकाची पानंच्या पानं खर्च झालेली आहेत. 'ताबेते मिरु' हे एक. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. खाऊन बघणे! खाण्याचा आणि डोळ्यांचा काय संबंध, असं इंग्रजी माणसाला वाटतं, आपल्याला कधी वाटलंय? 'मोत्ते कुरु', घेऊन येणे. 'मोत्ते इकु', घेऊन जाणे. 'कात्ते ओकु', विकत घेऊन ठेवणे. 'ताबेते शिमाउ', खाऊन टाकणे. या शेवटच्या दोघांत तो अडकला. त्याने आजीला विचारलं, "आजी, 'करून ठेव' आणि 'करून टाक' यात काय डिफरन्स?" आजीने क्षणाचाही विचार केला नाही. "अरे, डाळ भिजवून ठेव, म्हणजे उद्या लागणार आहे. शिळं खाऊन टाक, म्हणजे ब्याद गेली!"

याहून चांगली व्याख्या मी कुठल्याही पुस्तकात वाचली नाही. त्या दिवशी फोन पस्तीस मिनिटं चालला. आता दर शुक्रवारी सकाळी चालतो. जपानी रूप याने सांगायचं, आजीने त्याचं मराठी वाक्य घडवायचं. होंदा म्हणजे मूळ खाचर, यामादा म्हणजे डोंगरातलं खाचर, तानाका म्हणजे खाचरांच्या मधला, हे ऐकल्यावर आजी म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखेच भातवाले की रे!" खाचराचं जपानी अक्षर म्हणजे बांध घालून चार तुकडे केलेला चौकोन. ते आजींनाही काढता येतं.

गैरसमज नको, मराठी आणि जपानी बहिणी वगैरे नाहीत. ही वाक्याची ठेवण हिंदीवाल्यांकडे आहे, कानडी-तमिळवाल्यांकडेही आहे. सुसुमु ओनो या जपानी अभ्यासकाने तर तमिळशी थेट नातं जोडलं होतं, पण बहुतेक भाषातज्ज्ञांनी ते मानलं नाही. एक नातं मात्र खरं आहे. त्यांची मुळाक्षरं आ, ई, ऊ, ए, ओ, मग का, सा, ता, ना अशी लावलेली आहेत, त्यामागे बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या सिद्धम् लिपीच्या वर्णमालेचा अभ्यास आहे. कुकाई नावाचा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला तो ही विद्या घेऊनच.

म्हणून माझं ऐकाल तर पहिले दोन-तीन आठवडे उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहू नका, देवनागरीत लिहा. ऱ्हस्व-दीर्घ तरी नीट लागतं, आणि जपानीत ते चुकलं तर पंचाईत आहे. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. चाळिशीच्या बाईला चुकून आजी म्हटलंत तर पुढचं जपानी ऐकायला मिळणार नाही! 'त्सुनामी'तला तो 'त्सु' इंग्रजांना जमत नाही, ते 'सुनामी' म्हणतात. आपण मात्र 'चूल' म्हणतो तो 'च' आणि 'चिमणी'तला 'च' वेगळा काढतोच की. त्यांच्या ता-ओळीत ता, ची, त्सू असे दोन्ही शेजारी बसलेले आहेत. तीन आठवड्यांनंतर मात्र देवनागरी सोडायची, नाहीतर ती कुबडी होते. माझी झाली होती.

आमचा दिनक्रम फार मोठा नाही. सकाळी स्कूलबस गेली की मी वीस मिनिटं एनएचकेचा सोप्या जपानीचा एक धडा ऐकते आणि त्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणते, भाजी चिरता चिरता. त्याने 'आन्की' नावाचं पत्त्यांचं ॲप घेतलं आहे. चुकलेला पत्ता लवकर परत येतो, बरोबर आलेला उशिरा. 'आन्की' या शब्दाचा अर्थच पाठांतर. पाढे पाठ करताना नाक मुरडणारा मुलगा त्यावर रोज पंधरा अक्षरं घोकतो. जपान फाउंडेशनची 'इरोदोरी' ही पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. त्यात दुकान, दवाखाना, बस असे रोजचे प्रसंग आहेत. फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून पाहिल्या, त्याचा उपयोग शून्य. चार दिवसांनी डोळ्यांना त्या दिसेनाशा होतात.

मराठीची शिडी कुठे संपते तेही सांगायला हवं. रोजच्या वापरातली म्हणून ठरवलेली चित्राक्षरं २१३६ आहेत, आणि तिथे ना आई कामाची ना आजी. ती घोकूनच यावी लागतात. त्याची आत्ता तीनशेच्या आसपास झाली आहेत, माझी शंभरावर गाडी अडली आहे.

परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पाच पायऱ्या, सगळ्यांत खालची एन-५. आपल्याला जुलै सोयीचा, मुलांना सुट्टी असते आणि आपण पुण्यात असतोच. पुण्यात जपानीचं वातावरणही मोठं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग, सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली बाग, तिला नावही पुलंचं. पण परीक्षेत एक खोट आहे. सगळे पर्याय निवडायचे प्रश्न, तोंड उघडायला लागतच नाही. आमचा एन-५ पास झाला, त्या साहेबांपुढे अजून बोबडी वळते.

दोन वर्षांनी बारावी होईल आणि तो इथून जाईल, इथल्या बहुतेकांची मुलं जातात तसा. कुठे जाईल ते ठरलेलं नाही. सध्या सकाळी सहाला दप्तर पाठीला लावून दारातून ओरडतो, "इत्ते किमास!" जाऊन येतो. घरात राहिलेल्याने म्हणायचं, "इत्ते राश्शाय", जाऊन या. नुसतं 'जातो' त्यांच्यातही म्हणत नाहीत. आजींना हे फार आवडलं. "तरी मराठीत म्हण," असं त्या म्हणाल्याच.

मागच्या सुट्टीत 'तोत्तोचान'चं मराठी पुस्तक आणलं. शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी त्याला वाचता येते, पण मराठी वाचताना अजून अडखळतो. पान चाळीसवर खूण आहे, ती दीड महिना तिथेच. तो म्हणतो, मी हे आधी जपानीतून वाचून दाखवीन. मी म्हणते, आधी मराठीतून संपव. पैज लागली आहे, आणि पंच म्हणून आजींना नेमलं आहे. त्यांनी अट घातली आहे, की कुठल्याही भाषेतलं असो, रोज एक पान फोनवर मोठ्याने वाचायचं.