रिवाइंडचं बटण

परवा आमच्या रूमवर महायुद्ध झालं. मुद्दा एकच. जगातला बेस्ट फायटिंग गेम कोणता? रूममेट म्हणाला, टेकन थ्री. त्याचा ऑफिसातला मित्र म्हणाला, स्ट्रीट फायटर टू. मी म्हटलं, किंग ऑफ फायटर्स ९७, विषय संपला. अर्थात विषय संपला वगैरे काही नाही, पहाटे तीनपर्यंत चालला. सकाळी खालच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलंच, 'कुणाचं भांडण होतं रे रात्री?' आता काकूंना काय सांगणार, की आयोरी आणि रियूचं होतं म्हणून?

निमित्त होतं रूममेटच्या खरेदीचं. पठ्ठ्यानं सेलमध्ये 'स्ट्रीट फायटर थर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' उचललं. २०१८ मध्ये आलेलं हे पॅक. आत तब्बल १२ गेम, पार्लरच्या मशीनवर चालायचे तसेच्या तसे. हल्ली या कलेक्शनांचं पीकच आलंय. २०२२ मध्ये 'कॅपकॉम फायटिंग कलेक्शन' आलं, २०२४ मध्ये मार्व्हल आणि कॅपकॉमच्या हाणामारीचं आलं, २०२५ मध्ये मॉर्टल कॉम्बॅटचंही आलं. आईनं जुन्या साड्यांची गोधडी शिवावी, तसं कंपन्या जुने गेम जोडून विकतायत. आणि आपण सगळे ईएमआयवाले लोक वीकेंडला ती गोधडी पांघरून बसतोय. मंडे ब्लूजवर बेस्ट औषध!

आता माझी मतं. कुणी विचारलेली नाहीत, पण कॉलम माझा आहे.

स्ट्रीट फायटर टू, १९९१. हा सगळ्यांचा बाप. त्याला मान द्यायचा, पण रोज गप्पा मारायची गरज नाही. मात्र त्याची एक गोष्ट मला भयंकर आवडते. एकामागोमाग एक फटके बसत जातात आणि समोरच्याला सावरायला वेळच मिळत नाही, तो 'कॉम्बो' मुळात प्लॅनमध्येच नव्हता. गेम बनवताना गाडी फोडायच्या बोनस राउंडमध्ये तो बनवणाऱ्यांच्या लक्षात आला. त्यांना वाटलं, हे कुणाला नीट जमणार नाही, म्हणून तसाच राहू दिला. पुढे सगळ्या फायटिंग गेमचा डोलारा त्यावरच उभा राहिला. अप्रेझलच्या वेळी बॉसला ही गोष्ट जरूर सांगा.

टेकन थ्री. सॉल्लिड गेम, पण त्यात एडी नावाचा प्राणी आहे. तो घ्यायचा, डोळे मिटायचे आणि बटणं बडवायची. सहा महिने प्रॅक्टिस करणारा हरतो आणि पहिल्यांदा हात लावणारी रूममेटची बहीण जिंकते. मैत्री तुटते यार अशानं.

आणि किंग ऑफ फायटर्स ९७. इथं एकाऐवजी तीन-तीन फायटर घेऊन उतरायचं. एक पडला की दुसरा, दुसरा पडला की तिसरा. म्हणजे एका कॉइनमध्ये तीन जीव! एसएनके कंपनीनं काय विचार केला होता माहीत नाही, पण खिशात दोन रुपये असलेल्या पोरांसाठी यापेक्षा भारी स्कीम निघाली नाही. देशभरातल्या पार्लरांमध्ये हा गेम का चालला, याचं माझ्या मते निम्मं उत्तर इथंच आहे.

आता मेन तक्रार. या सगळ्या कलेक्शनांमध्ये आपला मुस्तफा कुठाय?

ज्यांनी नव्वदीच्या आसपास किंवा नंतर पार्लरची पायरी चढली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉमनं १९९३ मध्ये काढलेला. पण भारतात कुणीही त्याला त्या नावानं हाक मारली नाही. पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाच्या नावानंच अख्खा गेम ओळखला गेला. तो काही समोरासमोर लढायचा गेम नाही. तिघांनी खांद्याला खांदा लावून गुंडांना बडवत पुढं जायचं. आपल्या पिढीचं राष्ट्रीय स्मारक म्हणावं असा हा गेम आजतागायत कुठल्याच अधिकृत कलेक्शनमध्ये आलेला नाही. कॅपकॉमनं २०१८ मध्ये अशा हाणामारीच्या सात गेमचा खास गठ्ठा काढला, त्यातही नाही. तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला, वर नावात कॅडिलॅक गाडी. हक्क एकाचे नाहीत, तिथं घोडं अडतं. तसाच दुसऱ्याच्या कॉमिकवरचा 'पनिशर' २०२४ मध्ये बाहेर आला, मुस्तफा मात्र आतच.

तो एकटा नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं अभ्यास केला, तेव्हा तिथं निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत असं दिसलं. थोडक्यात काय, कंपन्या त्यांच्या मालकीचं तेवढं जपतात. आपल्या आठवणीतलं जपायची जबाबदारी त्यांच्याकडे नाही.

खरं तर आपलं पहिलं कलेक्शन कुठलं होतं? टीव्ही गेमची ती पिवळी कॅसेट! वर छापलेलं '९९९९९९ इन १'. आत गेम मोजून दहा-बारा, तेच पुन्हा पुन्हा, फक्त नाव बदलून. ना कंपनीचं नाव, ना लायसन्स. चालली नाही की फुंकर मारायची. चंद्रपूरच्या आमच्या घरी दर उन्हाळ्यात ती कॅसेट निघायची आणि लाईट गेली की परत डब्यात जायची. जिल्ह्यात एवढं मोठं वीज केंद्र, आणि बरोबर शेवटच्या स्टेजला आमच्याच घरची लाईट जायची.

लाईट गेली की आम्ही पोट्टे पार्लरवर. जटपुरा गेटपासून चालत पाच मिनिटांवर, टिनाच्या शेडमध्ये तीन मशीन. तिथं इन्व्हर्टर होता आणि मोठा कूलर होता. चंद्रपूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्यालाच त्या कूलरची किंमत कळेल. कोळसा खाणीच्या कॉलनीतले हिंदी-तेलुगू बोलणारे, बाजारातले, आमच्या गल्लीतले, सगळे एका मशीनभोवती. नियम साधा. कॉइन एक रुपया. चॅलेंज लावली तर हरणाऱ्यानं सगळ्या कॉइनचे पैसे द्यायचे.

२००८ साल. मी सहावीत. तेव्हा आमच्या वर्गात गडचिरोली जिल्ह्यातून एक मुलगा आला. धानोरा तालुक्यातल्या एका गावचा, हॉस्टेलला राहायचा. घरी गोंडी बोलायचा, मराठी शाळेत शिकलेली. सुरुवातीला आम्ही त्याच्या बोलण्याला हसायचो, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. पण पार्लरमध्ये त्यानं पहिल्यांदा हँडल हातात घेतलं आणि आमचं हसणं बंद झालं. आठवडाभर तो नुसता मागं उभा राहून बघत होता. आठव्या दिवशी त्यानं आयोरी निवडला आणि ओळीनं सहा जणांना झोपवलं. तेव्हापासून त्याचं नावच आयोरी पडलं.

शनिवारी संध्याकाळी तो हॉस्टेलला परत जाताना कोपऱ्यावरच्या कॉइन बॉक्सवरून फोन करायचा. एका रुपयात एक मिनिट. गावात फोन नव्हता. त्याचे बाबा बाजाराला यायचे आणि ओळखीच्या एका दुकानात फोनपाशी थांबायचे. त्यासाठी पाच रुपये तो वेगळ्या खिशात ठेवायचा. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं.

एका शनिवारी मी त्याला चॅलेंज लावली. पाच मॅच. दोन-दोन झाल्या, शेवटच्या मॅचला माझा तिसरा फायटर आणि त्याचाही तिसराच. त्यानं मला कोपऱ्यात घेतलं आणि संपवलं. आणि मी ओरडलो, 'हँडल अटकला बे! ही मॅच कॅन्सल!'

हँडल अटकला नव्हता. मी हरलो होतो.

पण गल्लीतली सगळी पोरं माझ्या बाजूनं उभी राहिली. कुणी म्हणालं, हो, मी पण पाहिलं. काकांनी कंटाळून सांगितलं, 'पुन्हा खेळा नायतर निघा.' पुन्हा खेळलो. तो गप्प होता, कसाबसा खेळला, हरला. पाचही कॉइनचे पैसे वर त्या जास्तीच्या मॅचचा रुपया त्यानं काउंटरवर ठेवले. मग कोपऱ्यावरच्या लाल डब्याकडे न बघता हॉस्टेलच्या रस्त्याला लागला. मी बघत होतो. दहावीनंतर तो गेला आणि आमचा संपर्क तुटला.

आजच्या जुन्या गेममध्ये रिवाइंडचं बटण असतं. हरायला आलात की वेळ मागं घ्यायचा आणि चुकलेली उडी परत मारायची. निन्टेन्डोनं २०१७ मध्ये जुनं मशीन छोट्या डबीत घालून परत आणलं, त्यातही ही सोय दिली. रूममेट बिनदिक्कत वापरतो. मला ते चीटिंग वाटतं. तो म्हणतो, तू फार सीरियस घेतोस. घेतो. कारण फायटिंग गेम म्हणजे चित्रं आणि आवाज नाहीत. समोर एक खराखुरा माणूस असतो, तो तुम्हाला वाचत असतो, तुम्ही त्याला वाचत असता. लाहोरचा अर्सलान अ‍ॅश आठवतोय? २०१९ मध्ये हा पोरगा जपानला आणि मग अमेरिकेला जाऊन टेकन सेव्हनच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकला. त्याआधी त्याला जगात फारसं कुणी ओळखत नव्हतं. जिंकल्यावर त्यानं सांगितलं की आमच्या देशात असे तगडे खेळाडू अजून आहेत. म्हणजे फंडा काय, तर तगडा गेम नाही, तगडा प्रतिस्पर्धी लागतो. तो कुठल्याच पॅकमध्ये मिळत नाही.

माझा प्रतिस्पर्धी मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडला. आता गडचिरोलीत असतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मागच्या दिवाळीला चंद्रपूरला गेलो होतो, तेव्हा बॅगेत लॅपटॉप आणि दोन कंट्रोलर टाकले आणि एसटी पकडली. मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल आणि पलीकडे गडचिरोली. आम्ही शाळेत होतो तेव्हा हा प्रवास मला परदेशासारखा वाटायचा. तो मात्र प्रत्येक सुट्टीत तोच रस्ता एकटा यायचा-जायचा.

किंग ऑफ फायटर्स ९७ हल्ली पीसीवर रीतसर विकत मिळतो. त्याच्या घरी खुर्चीवर लॅपटॉप ठेवला, खाली चटईवर आम्ही दोघं. त्याची चार वर्षांची पोरगी मध्ये. मी म्हटलं, 'आठवते का रे?' त्यानं उत्तर न देता आयोरी निवडला. आठवत होतं. पहिली मॅच गेली. दुसरी गेली. तिसरीत मी कोपऱ्यात सापडलो आणि तो स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, 'आज नाही अटकला का हँडल?'

माझा हात कंट्रोलरवरच थांबला. आयोरीनं मला निवांत संपवलं.

मग मी सगळं बोललो. खोटं बोललो होतो, हरलो होतो, तू फोन केला नाहीस ते पाहिलं होतं. तो ऐकत होता. म्हणाला, 'मले तवाच मालूम होतं बे.'

'मग पैसे काहून दिले?'

'सारे तुझ्याकडून होते. मी एकटा. भांडलो असतो त काकानं मले उद्यापासून आत येऊ देल्लं नसतं.' थोडं थांबून म्हणाला, 'कूलर पण तिथंच होता ना.'

मी विचारलं, त्या दिवशी बाबा? तो म्हणाला, थांबले असतील. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

यावर काय बोलायचं असतं, ते मास कॉमच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. पोरगी म्हणाली, 'आता मी!' तिला कंट्रोलर दिला, तिनं बटणं बडवली आणि मला हरवलं. एडी नव्हता तरीही.

संध्याकाळी चौकातल्या टपरीवर चहा-समोसा झाला. नियम जुनाच, हरणाऱ्यानं पैसे द्यायचे. मी काही न बोलता दिले.

तर मंडळी, कलेक्शन घ्या, जरूर घ्या, सेलमध्ये स्वस्त मिळतात. पण सोबत दुसरा कंट्रोलरही घ्या. आणि तो कुणाच्या हातात द्यायचा ते तुम्हाला माहीत असेलच. नंबर शोधा, फोन करा. आता तर कॉइनही लागत नाही.