साथीला खलनायक कशाला हवा?

अद्भुतकथांतील साथीविषयी आमची जुनी तक्रार आहे : ती पसरत नाही, पसरवली जाते. एड ग्रीनवुडने निर्मिलेल्या आणि पुढे अनेकांनी मिळून वाढवलेल्या 'फरगॉटन रेल्म्स' या कल्पित विश्वातले नेव्हरविंटर नगर घ्या. २००२ च्या 'नेव्हरविंटर नाइट्स' या संगणक-खेळात तिथे 'वेलिंग डेथ' नावाची साथ येते, नगराचे दरवाजे बंद होतात. आणि मग कळते की हे सारे डेस्थर नामक ढोंगी धर्मसेवकाच्या कंपूचे कारस्थान! ड्रायाडचा केस, कॉकट्रिसचे पीस वगैरे चार जिन्नस आणले की औषध तयार. रोगाचा प्रश्न उरलाच कुठे?

एका गोष्टीचे श्रेय मात्र द्यायलाच हवे. डेस्थरवर भाबडेपणाने विश्वास टाकणाऱ्या फेन्थिकलाही संतप्त नगरजनांच्या समाधानासाठी फासावर दिले जाते. कथा खऱ्या अर्थाने इथे सुरू होते, आणि आम्हांला तीच हवी होती.

उलट, २००५ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील 'करप्टेड ब्लड' ही बाधा कुणी न योजता पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत पोचली. काही खेळाडू पळाले, काहींनी शुश्रूषा केली, काहींनी ती मुद्दाम पसरवली. (आमचे सहकारी याला 'पोरखेळ' म्हणतात. म्हणोत बापडे!) तिथे शिक्षा द्यायला डेस्थर नव्हता, कंपनीला अखेर सर्व्हरच पुन्हा सुरू करावे लागले.