नैवेद्य देवाचा, पहिलं पान पुढाऱ्याचं

देवाला भूक लागत नाही. हे कणकवलीतल्या शाळकरी पोराला कळतं आणि प्राचीन इस्रायलच्या भक्तालाही कळत होतं. बायबलच्या पन्नासाव्या स्तोत्रात देव स्वतःच भक्तांना खडसावतो, की रानातलं प्रत्येक जनावर माझंच असताना तुमच्या गोठ्यातल्या बैलाची मला काय गरज? मग देवापुढे अन्न ठेवायचं कशाला? माणसांत वाटायला. वाटप बिघडलं की नैवेद्य बाटला, असं माझं स्वच्छ मत आहे.

बायबलमधली ‘लेवीय’ आणि ‘अनुवाद’ ही पुस्तकं उघडून बघा. अन्नार्पण म्हणजे सपीठ, तेल, धूप आणि न चुकता मीठ. त्यातलं मूठभर वेदीवर जाळायचं, बाकीचं याजकांनी खायचं. दर शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, बारा ताज्या भाकरी देवापुढे मांडायच्या, आधीच्या याजकांच्या पोटात जायच्या. पापाबद्दल मेंढी द्यायची ऐपत नसेल तर दोन कबुतरं, तीही परवडत नसतील तर थोडं पीठ. गरिबाला वेदीवरून हाकलायची सोयच ठेवलेली नाही. आभाराच्या बळीचं मांस त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी झाकून ठेवायचं नाही. अख्खं जनावर एका दिवसात एका घराला संपेल का? शेजारीपाजारी बोलवावेच लागतात. सणाच्या जेवणाला कोण हवं तेही लिहून ठेवलंय: मुलगा, मुलगी, दास, दासी, देवळाची सेवा करणारा लेवी, परका, अनाथ, विधवा.

याजकाचा मानही ठरलेला होता, बळीचं ऊर आणि उजवी मांडी. शिलोच्या देवळात एली याजकाच्या पोरांना तेवढ्यावर भागेना. मांस शिजत असताना त्यांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, हंडीत खुपसायचा आणि वर येईल ते उचलून न्यायचा. पुढे तर देवाचा वाटा जाळण्याआधीच कच्चं मांस मागू लागले, नाही दिलं तर दांडगाईने घेऊ लागले. बायबल या चोरीला देवाच्या अर्पणाचा अवमान म्हणतं.

तो काटा आमच्या तालुक्यातही फिरतो. एका देवळात महाप्रसादाची रांग उन्हात ताटकळत होती. आत मंडपात टेबल-खुर्च्या, पंखे, पाण्याच्या बाटल्या आणि नुकतेच गाडीतून उतरलेले पुढारी. रांगेत कडेवर पोर घेतलेली मजूर बाई होती. समितीचा माणूस तिला म्हणाला, “बाये, वायच थांब, पावणे जेवतत.” तिचा नंबर लागेपर्यंत खीर संपली होती. पत्रावळीवर पडला भात आणि पातळ आमटी. थोड्या वेळापूर्वी याच देवापुढे गाऱ्हाणं घालून सगळ्या गावाने “व्हय म्हाराजा” म्हटलं होतं. त्या गावात ती बाई बसत नाही का?

परंपरेचा मान, असं उत्तर मिळतं. मानकऱ्याचा नारळ त्याला जरूर द्या. पण मानकऱ्याच्या आडून पुढाऱ्याला पहिलं पान वाढता, ती परंपरा कधीपासून? याच कणकवलीत 1948 साली अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम उभा केला. मेलेली ढोरं सोलणं, मैला साफ करणं ही कामं त्यांनी स्वतःच्या हातांनी केली, कारण कामावरून माणसाची पंगत ठरावी हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं नाव भाषणात घ्यायचं आणि पंगतीत दोन रांगा करायच्या, हा ढोंगीपणा आहे.

इथून उत्तरेला, रायगडातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरांत आजही मलिदा होतो. यरुशलेमचं मंदिर इसवी सन 70 मध्ये पडलं, वेदी गेली. तरी नवस फिटला, लग्न ठरलं की भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, फळं ताटात रचून एलियाहू संदेष्ट्याचं स्मरण करतात आणि जमलेल्या सगळ्यांना वाटतात. देऊळ नसूनही त्यांनी अर्पणाचा अर्थ सांभाळला. आम्ही लाखोंचे कळस चढवले आणि तो अर्थ मंडपाबाहेर उन्हात उभा केला.

म्हणून देवस्थान समित्यांना माझी रोखठोक मागणी आहे. खुर्च्यांची पंगत बंद करा. पहिलं पान रांगेतल्या मुलांना, म्हाताऱ्यांना आणि परगावच्या मजुरांना वाढा. पुढारी आले तर त्यांच्या हातात आमटीची बादली द्या, त्यांना वाढू दे. हे जमणार नसेल, तर देणगीच्या पावतीवर ‘महाप्रसाद’ छापू नका. त्या नावावर लोकांकडून पैसे घेण्याचा तुम्हाला अधिकार नाही.