भाडेकरूने भिंती पाडू नयेत

परवा एक जुना मित्र घरी आला होता. माझ्या हातात 'मर्डर, शी रोट'ची कादंबरी बघून हसला आणि म्हणाला, "टीव्हीवरून पाडलेल्या पुस्तकांत कसली सुसंगती शोधतोस?" चहा पिऊन तो गेला, पण माझं डोकं तापलेलंच राहिलं. म्हणून हा लेख.

या अमेरिकन मालिकेचे १९८४ ते १९९६ या काळात २६४ भाग झाले. अँजेला लॅन्सबरींनी रंगवलेल्या जेसिका फ्लेचर या निवृत्त इंग्रजी शिक्षिका, म्हणजे आमच्याच पेशातल्या. बाईंना मोटार चालवता येत नाही. त्या सायकलवर फिरतात, नाहीतर कुणाच्या तरी गाडीत बसून जातात. म्हणून तर चार लोकांशी बोलणं होतं, कानावर काही पडतं आणि खुनाचा धागा सापडतो. आता १९८९ साली डोनाल्ड बेन यांनी या मालिकेवर 'जिन अँड डॅगर्स' ही कादंबरी लिहिली आणि त्यात बाईंना चक्क गाडी चालवायला लावली! मित्र म्हणेल, एवढंसं तर आहे. एवढंसं असतं तर २००० साली पुस्तक पुन्हा काढताना ती चूक दुरुस्त कशाला केली असती?

यावर हुशार लोकांचं ठरलेलं उत्तर असतं. कॉनन डॉयलच्या वॉटसनची जखम एका पुस्तकात खांद्याला आहे, दुसऱ्यात पायाला. त्याचं काय बिघडलं? अहो, डॉयल घरमालक होता. स्वतःच्या घराची भिंत त्याने पाडली काय आणि रंगवली काय! मालिकेवर कादंबरी लिहिणारा हा भाडेकरू. दुसऱ्याने उभं केलेलं पात्र आणि दुसऱ्याने जमवलेला वाचक घेऊन तो संसार मांडतो. त्याने भिंती सांभाळायलाच हव्यात.

"मग लेखकाने काय गुलामी करायची?" मुळीच नाही. याच बेन यांच्या पुढच्या कादंबऱ्यांत जेसिकाबाई विमान चालवायला शिकतात. मोटारीचा परवाना मात्र नाहीच! मालिकेत नसलेली गोष्ट, पण स्वभावाला धरून आलेली. दुसरं उदाहरण 'मंक'चं. ली गोल्डबर्ग यांनी या मालिकेचे काही भाग लिहिले होते. २००६ ते २०१२ या काळात त्यांनी मंकवर १५ कादंबऱ्या लिहिल्या, त्या मदतनीस नॅटलीच्या तोंडून. पडद्यावर मंकचा विक्षिप्तपणा आपण बाहेरून बघतो. पुस्तकात त्याच्यासोबत दिवस काढणाऱ्या बाईचा वैताग आणि माया आतून कळते. भिंती शाबूत ठेवून नवी खिडकी उघडली, ती अशी.

एक मात्र न्यायाने सांगायला हवं. आधीची मदतनीस शरोना हिला गोल्डबर्गनी २००७ च्या कादंबरीत परत आणलं. मालिकेने तिला २००९ मध्ये आपल्या पद्धतीने आणलं. अशा वेळी मेळ बसला नाही तर दोष लेखकाचा नाही. पुढे जाऊन मालिका काय करणार, हे त्याला स्वप्नात थोडंच दिसणार?

आणि नुसता तपशील बरोबर म्हणजे दर्जा, असंही नाही. सगळी नावं-गावं अचूक आणि पात्रं निर्जीव, तर ते हजेरीपत्रक झालं, कादंबरी नव्हे. पण ज्याला हजेरीही नीट घेता येत नाही, तो वर्गाला काय शिकवणार?

मला चीड येते ती "चालतंय हो" या वृत्तीची. लॅन्सबरी २०२२ साली गेल्या. बेन २०१७ मध्येच गेले, तरी दुसरे लेखक त्या कादंबऱ्या लिहीत राहिले. पुस्तक विकत घेणारा वाचक खुनी कोण एवढंच शोधायला येत नाही. ओळखीचं माणूस पुन्हा भेटेल म्हणून येतो. दार उघडल्यावर त्याच नावाचं कुणी परकंच समोर उभं राहिलं, तर ती त्याची फसवणूकच आहे.

असो. मित्र पुढच्या आठवड्यात परत येणार आहे. चहा मिळेल, पण आधी हे वाचावं लागेल.