नाव एक, धनी दोन

‘निर्वाण’ हा शब्द मूळचा या भूमीतला. तृष्णेची ज्योत विझणे, हा त्याचा बौद्ध विचारातील आशय. त्याच शब्दाच्या मालकीसाठी सातासमुद्रापलीकडे दोन वाद्यवृंदांनी न्यायालयाची पायरी चढावी, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. १९६० च्या दशकाच्या मध्यास लंडनमध्ये ‘निर्व्हाना’ नावाची जोडी उदयास आली. स्वप्नवत, वाद्यमेळाने नटलेली गाणी ही तिची ओळख. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात त्याच नावाचा, परंतु कर्कश गिटारीचा आणि उद्विग्न स्वराचा दुसरा वाद्यवृंद जन्मला. १९९१ च्या ‘नेव्हरमाइंड’ या ध्वनिमुद्रिकेने तो जगभर गाजला, आणि पुढच्याच वर्षी जुन्या जोडीने कॅलिफोर्नियात दावा लावला. प्रकरण आपसात मिटले आणि नाव दोघांकडेही राहिले.

असे नामसाम्य घडणे अस्वाभाविक नाही. एकाच संताच्या नावाची भजनी मंडळे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. गावाचे नाव जोडले की ओळख पटते आणि तंटा उद्भवत नाही. तंटा उद्भवतो तो नावाला बाजारात किंमत आल्यावर. नाव ही ग्राहकाच्या दृष्टीने एक खूण असते. तिच्यामुळे त्याचा शोधाचा श्रम वाचतो, आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीतून कमावलेला लौकिक त्या खुणेत साठतो. प्रश्न इतकाच की, हा लौकिक ज्याने आधी कमावला त्याचा, की ज्याचा आवाज मोठा त्याचा?

२०२० मधील एका वादाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. नॅशव्हिलच्या ‘लेडी अँटिबेलम’ या लोकप्रिय कंट्री वाद्यवृंदाने त्या वर्षी आपले नाव बदलून ‘लेडी ए’ केले. ‘अँटिबेलम’ हा शब्द यादवी युद्धापूर्वीच्या, गुलामगिरीच्या काळाची आठवण देतो, हे त्यामागचे कारण. हेतू स्तुत्य होता. परंतु सिएटलच्या अनिता व्हाइट ही कृष्णवर्णीय ब्लूज गायिका वीस वर्षांहून अधिक काळ याच नावाने गात होती! वाटाघाटी फिसकटल्या आणि वाद्यवृंदच आधी न्यायालयात गेला. ‘लेडी ए’ हे बोधचिन्ह आपण कित्येक वर्षांपूर्वीच नोंदविले असून तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती, हा त्याचा युक्तिवाद. व्हाइट यांनीही प्रतिदावा केला. २०२२ मध्ये तडजोड झाली. तिच्या अटी मात्र गुलदस्तात राहिल्या.

नोंदणीमुळे व्यवहारात निश्चितता येते, हे नाकारता येणार नाही. तथापि, जो तो सरकारी नोंदी चाळून मुदतीत हरकत घेईल, ही अपेक्षा पदरी वकील बाळगणाऱ्या कंपनीलाच परवडते. आठवडाभर नोकरी करून रात्री गाणाऱ्या कलावंताला नव्हे. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने आधीपासून सातत्याने नाव वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीधारकापासूनही सुरक्षित ठेवला आहे, तो याच जाणिवेतून.

पूर्वी अंतर आणि संगीताचा प्रकार यांनी समान नावांच्या मंडळींना आपोआप वेगळे ठेवले होते. आता जगातले सारे संगीत एकाच यांत्रिक सूचीत आले आहे, आणि तेथे अधिक ऐकला जाणारा वर तरंगतो, दुसरा बुडतो. बळी तो कान पिळी, हा न्याय आता यंत्रानेही उचलला! म्हणूनच ओळख वेगळी करण्याचा भार नंतर आलेल्याने, त्यातही समर्थाने, उचलणे रास्त ठरते. याचा पायंडाही आहे. लंडनच्या ‘बुश’ या रॉक वाद्यवृंदाला कॅनडात जुन्या ‘बुश’मुळे नावापुढे ‘एक्स’ हे अक्षर लावावे लागले होते. १९९७ मध्ये धर्मादाय कार्याला देणगी देण्याच्या बोलीवर जुन्या मंडळींनी ती अट सोडली. एक अक्षर जोडल्याने लंडनच्या मंडळींची कीर्ती उणावली नाही. उलटपक्षी, नाव हिरावले गेले तर लहान कलावंतापाशी भांडवल म्हणून उरतेच काय?