केबल स्ट्रीटची भिंत

पूर्व लंडनमधील सेंट जॉर्ज टाउन हॉलच्या भिंतीवर ४ ऑक्टोबर १९३६ हा दिवस रंगविलेला आहे. मोस्लेच्या फॅसिस्टांची मिरवणूक ज्यू शिंपीकामगारांच्या पूर्व लंडनमधून नेता यावी म्हणून हजारो पोलीस वाट मोकळी करू पाहत होते. केबल स्ट्रीटवर ज्यू कामगार व आयरिश गोदीकामगार यांनी अडथळे रचले. मिरवणूक परतवावी लागली. चित्र व्यापले आहे ते या गर्दीनेच, आणि ते न्याय्य आहे. मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्या दिवशी जनतेला घरी बसण्याचा सल्ला दिला होता!

१९८२ मध्ये, चित्र अपुरे असतानाच, उजव्या गुंडांनी त्यावर आपल्या घोषणा फासल्या. मूळ चित्रकार डेव्ह बिनिंग्टन यांनी काम सोडले. बटलर, वॉकर व रॉचफर्ट यांनी ते १९८३ मध्ये पुरे केले. पुढेही हल्ले झाले. निव्वळ शोभेच्या चित्रावर एवढा राग कोण काढील?

ज्यू शिंप्यांच्या जागी तोवर बंगाली शिवणकामगार आले होते. त्यांच्यापैकी अल्ताब अली या तरुणाचा ४ मे १९७८ रोजी वंशद्वेषातून जवळच खून झाला. भिंतीवर कुंचला चालला तो त्यानंतर. त्या वस्तीला १९३६ साल जुने वाटत नव्हते.